‘प्रिस्तान’चं बिऱ्हाड माझ्या स्वयंपाकघरात

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून माझं स्वयंपाकघर म्हणजे पेपरची कचेरी! मला विचारलं कोणी? कोणी नाही. ‘प्रिस्तान’च्या जागेच्या मालकाने सगळं सामान जिन्यात काढून ठेवलं. म्हणाला, “मला वरून फोन आला.” वरून म्हणजे कुणाचा, ते या गावात कोणी विचारत नाही. नात वार्या संध्याकाळी दारात — तीन खोकी, एक खुर्ची आणि तिमोफेय. तिमोफेय म्हणजे दाढी आणि भूक. बातम्याही लिहितो म्हणे.

मी सांगून टाकलं — सिगरेट बाहेर, बूट दारात, आणि महापौराला शिव्या द्यायच्या तर त्या मी देईन, तुम्ही सभ्य भाषेत लिहा.

पाच वर्षं झाली या पेपरला. वार्या आधी नगरपालिकेच्या पेपरात होती. तिथे महापौराचे फोटो छापायचे, आणि महापौर नसेल तर त्याच्या कारंज्याचे. कंटाळली, सोडलं, हा काढला. नदीवरच्या धक्क्याचं नाव दिलं. पण पेपर म्हणावं तर कागद कुठेच नाही! सगळं फोनवर. मासळी कशात गुंडाळायची?

९ ऑक्टोबर, सोमवार

खिडकीखालच्या, घर तापवायच्या नळ्या अजून गारढोण. नगरपालिकेने गरम पाणी सोडलेलंच नाही. मी दोन स्वेटर आणि नवऱ्याचा कोट घालून बसते. नवरा गेला, कोट टिकला. माल चांगला होता. कोटाचा.

वार्याने आज छापलं — महापौराच्या गल्लीत नळ्या कधीच्या तापल्यात. बॉयलरघरातल्याच एका माणसाने तिला सांगितलं. “कोण गं?” म्हटलं. “आजी, तू खाली बाकावर जाऊन बायकांत बोलशील.” बोलेन ना! म्हणून तर विचारलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

नळ्या तापल्या!! महापौर म्हणतो, आधीच ठरलं होतं.

१८ ऑक्टोबर, बुधवार

पेपरविरुद्ध तक्रार गेलीय. सरकारी कागदाबरोबर तिची प्रतही आली. तिमोफेयने तोंडात घास ठेवून मोठ्याने वाचली — “आदरणीय वरिष्ठांनो, एक जागरूक नागरिक या नात्याने कळवणे भाग पडते की ‘प्रिस्तान’ हा पेपर जनतेला सरकारबद्दल विचार करायला लावतो...” सही नाही.

वार्या म्हणाली, “कोण असेल हा?”

मी हसून हसून ओट्याला टेकले. “हा नाही, ही! भिंतीपलीकडे राहते. रिम्मा अर्काद्येव्ना.” जिन्यातली तिची चिठ्ठी वाचली नाही का कोणी? ‘एक जागरूक नागरिक या नात्याने कळवणे भाग पडते की तिसऱ्या मजल्यावरचं मांजर पायपुसण्यावर मुततं.’ चाळीस वर्षं हेच चाललंय. दिवसभर खिडकीत. वर डोळ्यांत मोतीबिंदू म्हणे — त्या मोतीबिंदूवर दवाखान्याच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे घुसते.

वार्या म्हणते, “आजी, तिच्याशी भांडू नकोस.” भांडले नाही. जिन्यात भेटली तेव्हा फक्त म्हटलं, “अर्काद्येव्ना, तुझं अक्षर सुधारलंय.” ती म्हणाली, “मी टाइप करते.”

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवारी राजधानीतून यादी निघते, परकीय हस्तकांची. दर शुक्रवारी ही दोघं माझ्या टेबलाशी बसून फोनकडे बघतात, जसं काही लग्नाचं स्थळ येणार आहे. मी पिरोश्की तळते, कोबी भरलेले छोटे पाव. यादी येते, आपण नसतो, मग सगळे खातात. बरं चाललं होतं.

आज पहिला घाणा निघाला आणि वार्या म्हणाली, “आलो.”

कारण काय? आमचा जुना दातांचा डॉक्टर हैफाला जाऊन राहिलाय, त्याने पेपरला वर्गणी पाठवली. झालं, परदेशी पैसा! त्या डॉक्टरने माझी चांगली दाढ उपटली होती. तेव्हा कुणी यादीत घातलं नाही त्याला.

पिरोश्की तिमोफेयने संपवले. दुःखात जास्त खातो.

३० ऑक्टोबर, सोमवार

आता प्रत्येक बातमीच्या वर ठळक मोठ्या अक्षरांत छापावं लागतं, की हा मजकूर परकीय हस्तकाने तयार केला आहे वगैरे वगैरे. हवामानावरसुद्धा! उद्या पाऊस पडणार, आणि तो परकीय हस्तकाचा. चष्म्याशिवाय मला त्या पेपरात वाचता येतं ते एवढंच.

दुपारी सूप वाढताना मीही मोठ्याने म्हणाले, “हे सूप परकीय हस्तकाच्या आजीने तयार केले आहे.” वार्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. तिमोफेयने आणखी मागितलं.

जाहिराती मात्र सगळ्या गेल्या. शवपेट्यावाल्यानेही काढून घेतली. त्याला कसली भीती? त्याचं गिऱ्हाईक कुठे जाणार आहे?

१४ नोव्हेंबर, मंगळवार

‘प्रिस्तान’ बंद! म्हणजे वार्या लिहितेय, पण गावात कुणाच्या फोनवर उघडत नाही. वरूनच अडवलंय.

दहाच्या सुमाराला बेल. रिम्मा, अंगात झगा, हातात फोन.

“प्रस्कोव्या येगोरोव्ना, तुमचं ते उघडत नाही.”

“तुझ्याच कृपेने.”

“मग मी आता वाचू काय?”

“तू वाचतेस?”

“रोज! न वाचता तक्रार करायला मी काय बेजबाबदार आहे?”

मला वाटलं वार्या दार लावेल. तर तिने बाईला आत घेतलं, चहा दिला! तिमोफेयने तिच्या फोनात आडवाटेने पेपर उघडायची सोय करून दिली, वर पेपरला मजकूर कसा पाठवायचा तेही दाखवलं. “हं, तक्रार असेल तर थेट आम्हालाच,” म्हणाला. रिम्मा म्हणे, “अक्षरं मोठी करा, मला दिसत नाही.”

जाता जाता दारात थांबली. चिडलेलीच होती. “बॉयलरबद्दल मी अकरा पत्रं लिहिली. उत्तर नाही. तुमच्या पोरीने एकदा छापलं आणि तिसऱ्या दिवशी नळ्या तापल्या! ही काय पद्धत झाली?”

२३ नोव्हेंबर, गुरुवार

ओटा नंतर पुसते, आधी लिहिते.

सकाळी सहाला दार ठोठावलं. सहाला एकतर दूधवाला येतो नाहीतर ते, आणि दूधवाला आता येत नाही. वार्याचा चेहरा कागदासारखा. छोटा कॉम्प्युटर माझ्या हातात कोंबून म्हणाली, “आजी, बॉयलरवाल्याचं नाव यात आहे. त्याला दोन पोरं आहेत.” मी काय करणार? पिठाचं घमेलं रात्रीपासून खिडकीखाली, नळ्यांशेजारी, रजईत गुंडाळून फुगत ठेवलेलं. कॉम्प्युटर पिशवीत घातला, घमेल्याखाली सरकवला, रजई परत आवळली.

पाच जण आले. झडतीला शेजारचे दोन साक्षीदार लागतात, म्हणून झाडूवालीला आणलं आणि — आणखी कोणाला? — रिम्माला! ती रजईशेजारच्या स्टुलावर जी बसली ती हललीच नाही.

त्यांनी पुस्तकं उलटी केली, माझे बक्कलवाले बूट चाचपले, बरणीतली काकडीसुद्धा ढवळली. साहेब पोरगेलासाच. शेवटी रजईकडे हात नेला.

मी ओरडले, “पीठ आहे! बसेल!”

आणि रिम्मा माझ्याहून वरच्या पट्टीत — “आधी ते दार लावा! वाऱ्यात पीठ उघडतात का? आईने शिकवलं नाही?”

साहेबाने हात असा मागे घेतला, जसा चटका बसला. “आजीने,” म्हणाला, “आजीने शिकवलंय.” आणि आपल्या माणसाला — “अरे दार लाव की!” मग सगळे त्या गाठोड्याला वळसा घालून चवड्यांवर चालायला लागले. बंदुका कमरेला, आणि पीठ बसेल म्हणून कुजबुजत बोलतायत! दुसरे कॉम्प्युटर, सगळे फोन घेऊन गेले. हा राहिला.

ते गेल्यावर रजई सोडायला वाकले, तर कॉम्प्युटरची वायर हातभर बाहेर लोंबत होती! रिम्मा बसली होती त्याच बाजूला, तिच्या पायाशी. तिला मोतीबिंदू आहे म्हणून वाचलो.

पीठ बसलं ते बसलंच.

२६ नोव्हेंबर, रविवार

तिमोफेय कालच गेला. वार्या आज. सीमेपलीकडच्या अल्माटीची गाडी. वकील म्हणाला, पुढच्या खेपेला कॉम्प्युटर नाही, तिलाच नेतील.

निघण्याआधी रिवाजाप्रमाणे दोघी गप्प बसलो — मी खुर्चीवर, ती बॅगेवर. एरवी मिनिटभर बसतात. आम्ही बराच वेळ बसलो. “आजी, चल ना.” म्हटलं, “कोबी आंबत घातलाय, तो कोण बघेल? जा. मफलर बांध.”

९ डिसेंबर, शनिवार

वार्याचा फोन, भिंतीवरच्या जुन्या फोनवर. तिथून लिहून बघतेय, जमत नाही. “इथे बसून गावाबद्दल मी काय लिहू, आजी? गावातलं कुणी बोलायला तयार नाही. बॉयलरवाल्याला मीच गप्प राहायला सांगितलं. गावात माणूस नाही तर पेपर कसला? पंधरा तारखेला बंद करते.”

मी म्हटलं, “मी पाठवते बातम्या.” ती म्हणाली, “आजी, तुझ्या बातम्यांत शिव्याच जास्त असतात.” खरं आहे.

घर फार मोठं वाटतं. सूप उरतं.

१३ डिसेंबर, बुधवार

वार्याचा फोन, ओरडतच — “आजी, ही बातमी तू पाठवलीस ना?” मला वाचून दाखवली. ‘एक जागरूक नागरिक या नात्याने कळवणे भाग पडते की काल दुपारी बॉयलरघरातून नवे पाइप ट्रकमध्ये भरून महापौराच्या बंगल्याकडे नेण्यात आले.’ पुढे ट्रकचा नंबर. ड्रायव्हरच्या मफलरचा रंग. मफलरला भोक आहे, तेसुद्धा.

“छापू का?”

म्हटलं, “छाप.”

बॉयलरघर रस्त्यापलीकडे. आणि रिम्माने बघितलं आमच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून. मफलरचं भोक! मोतीबिंदू म्हणे!