कांतच्या चार तारा

७ जानेवारी १९६८, रविवार

चार तारा! कांतला विचारलं, उरलेल्या दोन दुकानात संपल्या होत्या का? माझा हा धाकटा भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, ही बास गिटार आहे. हिला चारच असतात." पाच वर्षं उसनी वाजवत होता, आता स्वतःची करून घेतली, जुन्या इंदुरातल्या सुताराकडून. लाकूड कुठलं? आप्पासाहेबांच्या कपाटाचं दार! आमच्या वडिलांनी होळकर दरबारात तीस वर्षं नोकरी केली, त्यांचे कागद ज्या कपाटात असत त्याचं दार आता महूच्या छावणीतल्या क्लबात इंग्रजी गाण्यांना साथ देणार. आणि मी, त्यांचा थोरला, चौकाचौकांत 'इंग्रजी हटाव' म्हणून घसा फोडतो. लोकांना कळलं तर सभेची जत्रा होईल.

कालची राजवाड्यासमोरची सभा मात्र— दहा हजार माणूस! कृष्णराव म्हणतात तीन. ते आमच्या समितीचे चिटणीस. गर्दी कमी दिसण्याचा त्यांना विकार आहे. टेबलावर उभा होतो, घसा बसलेला. माझं ते वाक्य आलं: "जिस ज़बान में माँ डाँटती है, सरकार का नोटिस भी उसी ज़बान में आना चाहिए." थांबलो. मग उजव्या कोपऱ्यातून टाळी उठली आणि चौकभर पसरली. नेहमी उजवीकडूनच उठते. तिकडे मिलचे कामगार बसतात. जागृती म्हणतात ती हीच.

कांतही होता. उजवीकडेच, लाउडस्पीकरवाल्याच्या बॅटरीपाशी, मान खाली घालून. दहा वर्षं माझ्या प्रत्येक सभेला येतो आणि एकदाही माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही. वायरी बघायला येत असावा.

९ जानेवारी

भिंतीपलीकडे धुम्-धुम्. तीच ओळ, तासभर. रमाकडे तक्रार केली तर म्हणाली, "तुम्हीही आरशापुढे एकच वाक्य तासभर म्हणता." बायकोला तुलनेची सवय लागणं बरं नाही.

१४ जानेवारी, रविवार

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस, म्हणून कालचं जरा हात राखून लिहितो.

काल संध्याकाळी महूला गेलो. शत्रूचा गड आतून पाहिलेला असावा. कांतच्या स्कूटरवर मागे मी, माझ्या मांडीवर आप्पासाहेबांचं कपाट. वाटेत राऊ गावाशी पंक्चर. पंक्चरवाल्यानं ती लांबलचक पेटी पाहून विचारलं, "भिया, किसकी शादी में बजा रहे हो?" मी म्हटलं, शादी नाही, संस्कृतीचं तेरावं आहे. त्याला कळलं नाही. कांतला कळलं, पण तो पाना धरून उभा राहिला.

क्लबात रेल्वेवाले, फौजी आणि त्यांच्या बायका. मंचावर चार पोरं, चौघांची एकसारखी जाकिटं. नाव 'द ब्लू लँटर्न्स'— निळे कंदील. गाणारा तुकोगंजातल्या एका डॉक्टरचा मुलगा. गाताना तोंड असं वाकडं करतो की दाढ दुखत असावी. ड्रमवर डेरेक, महूचाच, रेल्वेत गार्ड आहे. आणि आमचा कांत सगळ्यांच्या मागे, कोपऱ्यात. लोकांकडे बघायला तयार नाही. पूर्ण वेळ डेरेकच्या उजव्या बुटाकडे बघत होता! त्या बुटानं डेरेक मोठा ढोल ठोकतो. ग्रीसपासून फ्रान्सपर्यंतच्या वक्त्यांची भाषणं वाचून मी एक शिकलो: समोरच्याच्या डोळ्यांत बघावं. हा बुटाकडे बघून कलावंत झाला.

त्याचं वाजवणं ऐकू यावं म्हणून कान लावून बसलो. येत नाही. पोटात काहीतरी हलतं, तेवढंच. एका गाण्यात त्याच्या आवाजाच्या पेटीचा फ्यूज उडाला. गाणारा चालूच, दुसरी गिटार चालूच, पण नाचणाऱ्या जोड्या एकमेकांच्या पायांवर पडायला लागल्या. काही तर जाऊन बसल्या. डेरेकचा ठेका चुकला असणार. दुसरा फ्यूज बसवला तेव्हा तोही सुधारला.

मध्यंतरात डेरेक येऊन म्हणाला, "साहब, आपके भाई के बिना हम लोग सिर्फ शोर हैं." सभ्य मुलगा आहे. मोठ्या भावाशी कसं बोलावं ते जाणतो.

१८ जानेवारी

मुंबईहून पत्र. फोर्टातल्या एका हॉटेलाला निळे कंदील हवे आहेत. रोज संध्याकाळी, सहा महिने, जमलं तर पुढेही. म्हणजे कांतला कचेरीतली कारकुनी सोडावी लागणार. ती त्याला माझ्या शब्दावर लागली होती. वशिला नव्हे, शब्द. वशिल्यावर माझं वेगळं भाषण आहे.

"दादा, तुम्ही 'जा' म्हणालात तर जाईन."

"आणि नाही म्हणालो तर?"

त्यानं पत्राची घडी घातली. मग, "तर इथेच राहीन. पण मग ही वाजवणार नाही."

हे शिकला कुठे? एवढ्या लहान वाक्यात मला कुणी कधी अडवलं नव्हतं.

२१ जानेवारी, रविवार

जेवताना विषय निघाला. मीच काढला. गुलामी, भाषा, वडिलांचं कपाट. आमटी निवली तरी माझा दुसराच मुद्दा चालू होता.

"साहेब गेले, आणि तू त्यांचा भाट होणार?"

"मी तोंडही उघडत नाही, दादा. गाण्यात माझा एक शब्द नसतो. बासला कुठली आलीय भाषा?"

"ज्याला भाषा नाही त्याला मत नाही."

"आपली आई मराठीत रागवायची," तो भात कालवत म्हणाला. "तुम्ही ते वाक्य हिंदीत म्हणता."

रमा हसली. तोंडाला पदर लावला, पण हसली.

मग मी जे म्हणालो ते इथे जसंच्या तसं लिहितो, कारण बोललेलं नाकारणाऱ्यांपैकी मी नाही: "तू असलास काय आणि नसलास काय, ऐकू कुणाला येतं? जा. कुठेही काही कमी पडणार नाही."

तो उठला. स्वतःचं ताट उचललं, माझंही उचललं. "बरं," म्हणाला.

वाक्य पल्लेदार होतं. संपल्यावर थांबलोही होतो.

२८ जानेवारी, रविवार

कांत गेला. समितीची बैठक होती म्हणून स्टेशनवर गेलो नाही. बैठक नव्हती.

भिंतीपलीकडे शांतता आहे. आता लिखाण होईल म्हणून बसलो. अर्धं पान झालं.

४ फेब्रुवारी, रविवार

अन्नपूर्णेच्या देवळाजवळ रस्त्यावर सभा. गर्दी राजवाड्याइतकीच, हे कृष्णरावही मान्य करतात. घसा उत्तम. ते वाक्य आलं. माँ, डाँट, नोटिस. थांबलो.

काही नाही.

थांबूनच राहिलो. कुणीतरी खोकलं. उजवीकडे मिलचे कामगार होते, अगदी तेच, हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होते, पुढे काय म्हणून. घाईघाईने पुढचं वाक्य घेतलं, ते पहिल्याच्या अंगावर पडलं. आणखी तीन ठिकाणी थांबलो. चौथ्याला थांबायची हिंमत झाली नाही. तासाचं भाषण वीस मिनिटांत आटोपलं.

कारणं: थंडी, लोकांचे हात शालींत. लाउडस्पीकर हलका. देवळातली आरती.

खाली उतरलो तर कृष्णराव म्हणाले, "अच्युतजी, आज आपले बंधू दिसले नाहीत?"

"मुंबईला गेलाय."

"तरीच," ते म्हणाले, आणि सतरंज्या गुंडाळायला वळले.

५ फेब्रुवारी

रमाला विचारलं. तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "पहिली टाळी भाऊजींचीच असायची. दहा वर्षं. तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?"

पण इतक्या नेमक्या वेळी? त्याला कळायचं कसं?

"मीही विचारलं होतं एकदा. म्हणाले, दादांच्या उजव्या पायाकडे बघतो. वाक्य संपायच्या आधी टाच उचलतात."

मी टाच उचलतो हे मला माहीत नव्हतं.