देवदर्शनाला हेलिकॉप्टर

माय, तुझी नात नेपाळला चालली आहे. तू तिला पाहिलं नाहीस, तुझ्यानंतर झाली ती. पुण्याला नोकरी करते, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि हट्टाच्या बाबतीत थेट तुझ्यावर गेली आहे. नुसती देवाला चालली असती तर मी तुला लिहायला बसले नसते. ती डोंगराच्या कड्यावरून पाठीला भलीमोठी छत्री बांधून हवेत उडणार आहे. त्याला पॅराग्लायडिंग म्हणतात. ते झालं की पुढे बर्फाच्या डोंगरात आठवडाभर चालायचं. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाली, मजा. आपल्या महागावच्या घरी माळ्यावर चढायची मजासुद्धा तू मला कधी करू दिली नाहीस.

मला आज सारखी ती एक सकाळ आठवते आहे. बाबा नेरला आत्याकडे निघाले आहेत. तू चुलीपुढे बसून त्यांच्यासाठी भाकरी थापते आहेस. मी सहज विचारते, "बाबा, बस पलटली तं?" तुझा हात परातीतून थेट माझ्या गालावर येतो, पिठासकट. "अभद्र बोलू नोको, कारटे! वास्तू तथास्तु म्हणते!" मग तू दारातून बाबांना मागे बोलावलंस, पाटावर बसवलंस, पाणी दिलंस, हातावर गूळ ठेवलास, जणू ते अजून निघालेच नव्हते. तेवढ्यात बस गेली. बाबा करवादले, "आता कायनं जाऊ, तुह्या वास्तूच्या खांद्यावर बसून?" तू शांतपणे म्हणालीस, "दुपारच्या बसनं जा. नेर काय पयून चाललं?"

ते दुपारी गेले आणि तू मला घेऊन शेतातल्या मारुतीकडे गेलीस. मी मागे उभी, गाल अजून हुळहुळतोय. मला वाटलं, तू मनातल्या मनात काहीतरी म्हणशील. पण तू चांगली मोठ्यानं बोललीस. "बस पलटू देऊ नोको. डायवरले झोप लागू देऊ नोको. पुलाखाली जाऊ देऊ नोको. मानूस घरी येऊ दे, रोडगे करीन." मला असा राग आला! मी एकच वाक्य बोलले तर मार बसला, आणि तू तर बस पुलाखालीसुद्धा घालून मोकळी. बाबा दुसऱ्या दिवशी हसत परतले. शेतात गोवऱ्यांच्या आरावर नवसाचे, जाड कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, सगळ्या आळीनं जेवून हात पुसले. मी रुसून अर्धाच रोडगा खाल्ला, तेही तुला दिसलं नाही.

तुझी ती चापट मात्र अंगात मुरली. जाणाऱ्या माणसासमोर अपघाताचं नाव काढायला माझी जीभ आजही वळत नाही. म्हणून मी काय केलं ऐक. इथे पुसदला आमच्या गल्लीत एक विमा एजंट राहतो. भला मुलगा आहे, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी पोरीसाठी प्रवासाचा विमा काढायला गेले. त्यानं विचारलं, "काकू, तिकडं काही साहसी खेळ हाय काय? असंल तं तसं लिवा लागते." आमच्याकडे पोरीसाठी स्थळं पाहणं चालू आहे. ती आभाळात लटकायला चालली हे त्याला कळलं म्हणजे आठवडी बाजाराला कळलं. शिवाय हो म्हटलं की पुढे पडली तर काय, मोडलं तर काय, सगळं बोलणं आलं. मी म्हणाले, "नाही बाप्पा, पशुपतिनाथाच्या दर्शनाले चालली." विमा निघाला. अभद्र बोललं गेलं नाही आणि घराची अब्रूही राहिली, अशा समाधानात मी घरी येऊन चहा केला.

दोन दिवसांनी विम्याचे कागद वाचून पोरीचा फोन आला. "आई, यात उडणं नाही, उंचावरचं चालणं नाही, हेलिकॉप्टर नाही. तिथे पाय मोडला तर हे लोक सरळ हात वर करतील. तू त्याला काय सांगितलंस?" मी दर्शनाचं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "जाऊ नको म्हण हवं तर. आपण भांडू. पण माझं जाणं लपवू नकोस. वर काही झालं तर तुझं खोटं मला खाली आणणार नाही." माय, तुझ्या चापटीपेक्षा ते जास्त लागलं. आपण पोरीला दृष्ट लागू नये म्हणून झाकून ठेवतो, आणि त्या झाकण्यानंच ती उघडी पडली होती.

मी परत एजंटकडे गेले. म्हटलं, हेलिकॉप्टरचं घाल. तो डोळे मोठे करून बघायलाच लागला. "काकू, दर्शनाले हेलिकॉप्टर कायले लागते?" मग मी सगळं सांगितलं, छत्री, कडा, बर्फ, सगळं. तो हसला नाही. "मंग पहिलेच सांगा लागत होतं ना. जे सांगितलंच नाही त्याची भरपाई कोन देईन?" जुना विमा रद्द करून त्यानं नवा काढून दिला, उडण्याचा, उंचीचा, वरून खाली आणण्याचा. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पोचली होतीच. शेजारीण येऊन एवढंच म्हणाली, "मायबाई, पोरीची हिंमत पाहा व!" मी उगाच इतके दिवस तोंड शिवून बसले होते.

असा विमा लागतो का, हे तू मला विचारलं असतंस. तुझा सौदा उलटा होता. माणूस सुखरूप आलं की मग रोडगे. इथे आधी द्यायचं आणि ते वाया जावं म्हणून हात जोडायचे. तरी मी म्हणेन, लागतो. ज्याला उडायचं आहे त्यानं पडण्याचं कुणाजवळ तरी सांगून ठेवावं. तू मला विचार केल्याबद्दल मारलं नव्हतंस हे मला फार उशिरा समजलं. निघालेल्या माणसाच्या पाठीवर ते ओझं टाकायचं नाही, जो काही करू शकतो त्याच्यासमोर मात्र न लाजता बोलायचं, एवढंच तुझं म्हणणं असावं. तेव्हा सांगितलं असतंस तर मी पूर्ण रोडगा खाल्ला असता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. काल रात्री पोरीला फोनवर म्हटलं, नवा विमा मला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखव, आता मी सगळं ऐकणार. तिनं वाचलं. दवाखाना, मोडलेली हाडं, हेलिकॉप्टर, हरवलेली बॅग. मी प्रत्येकाला हूं म्हणत होते. मग त्याच सरळ आवाजात तिनं पुढची ओळ सुरू केली, "मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी..." आणि मी फोन कानापासून लांब धरला, हात पुरेल तितका लांब. परत कानाला लावला तेव्हा ती विचारत होती, "आई, ऐकलंस ना सगळं?" मी म्हणाले, ऐकलं. उद्या पहाटे तिचं विमान आहे. मी ऐकलं नाही, माय.