फ्लेक्सवरचा गॉगल

११ जानेवारी २००७

पिंपळगावच्या चौकात ललितचा फ्लेक्स लागला! 'इटलीला रवाना झाल्याबद्दल ललितभाऊंचे हार्दिक अभिनंदन.' दहा फुटी ललित, डोळ्यावर गॉगल. गॉगल माझा! मालेगावहून आणलेला. फोटोपुरता दे म्हणाला, आणि तोच घालून विमानतळावर गेला.

खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी. शेवटून तिसरा. पोस्टाच्या तिकिटाएवढा, डोळे मिटलेला. सख्खा चुलतभाऊ — निदान वरच्या रांगेत घ्यायचं!

१२ जानेवारी

पॅकहाऊसमध्ये द्राक्षाच्या घडातले खराब मणी कात्रीने काढता काढता भाग्यश्री म्हणाली, "ललित गॉगलमध्ये हिरोच दिसतो, नाय?" मी म्हणालो, गॉगल माझा हाय. "मग तुझ्यावर का नाय दिसत तसा?" सगळ्या बाया हसल्या. मी रागात चांगलेच मणी कापले.

१९ जानेवारी

जाणार तर मीही होतो. तिकडे द्राक्षाच्या छाटणीला माणसं लागतात म्हणून एजंटने दोघांचे कागद घेतले होते. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी येणार त्या दिवशी मी चहाला बाहेर पडलो. टेम्पोवाला देवराम भेटला. "चल कळवणला, दुपारी परत." कळवणला कुस्त्या होत्या. मग एकाच्या लग्नाची वरात. चौथ्या दिवशी परत आलो — जाऊ दे. ललित मात्र अंघोळ करून, भांग पाडून ओट्यावर बसून राहिला होता. त्याचा पासपोर्ट आला.

काकू, म्हणजे ललितची आई, मला एक शब्द बोलली नाही. आई गेल्यापासून तीच सांभाळते. ताटात दोघांना सारखंच वाढते. पण ललित निघाला तेव्हा गडावरच्या देवीचा अंगारा तिने पॅकहाऊसच्या लेबलात बांधला, पुडी त्याच्या खिशात घातली आणि वरून सेफ्टी पिन लावली. माझ्या खिशाला कोणी कधी पिन लावली?

४ फेब्रुवारी

ललितचा फोन! "चंदऱ्या, हळू बोल. धरलं आम्हाला."

इटलीच्या अलीकडच्या हद्दीवरच ट्रकमधून उतरवलं. कॅम्पात कोंडलंय. पासपोर्ट एजंटने आधीच फेकायला लावला होता. दहाही बोटांचे ठसे घेतले, पण हा नाव सांगत नाही, देश सांगत नाही. "कुठला ते कळलंच नाय तर पाठवतील कुठं? किती दिवस ठेवतील? कधीतरी सोडतीलच. मग काम भेटतं. आईला सांग, कोणी विचारलं तर मला ओळखत नाय म्हणायचं. आणि तो फ्लेक्स काढ. आजच!"

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच्या आधी काय वाटलं तेही लिहितो — बरं झालं.

५ फेब्रुवारी

शिडी घेऊन चौकात गेलो. सायखेड्याचा लखन भेटला. त्याच्या नव्या गाडीवर एक चक्कर मारली. शिडी पानटपरीलाच राहिली.

६ फेब्रुवारी

लखनचं निमित्त. शिडी आजही तिथेच होती, मीही होतो. काढावासा वाटला नाही. एवढे दिवस दातओठ खात बघायचो त्याच्याकडे, आज वाटलं, राहू दे लटकत!

काकूने विचारलं. काढला म्हणून सांगितलं.

१७ फेब्रुवारी

हॉलंडला जाणारा कंटेनर भरला. पेटीपेटीवर लेबल — गाव, प्लॉट, सगळं. द्राक्षं कुठली ते कळलं तर आत घेतात. ललित कुठला ते कळलं तर बाहेर काढतील. आणि नाही सांगितलं तर कोंडून ठेवतील. त्याने केलं काय, चोरी? सुपरवायझरला विचारलं, साहेब, हे बरोबर का?

"केसांवर जाळीची टोपी घाल आधी," म्हणाला.

२७ फेब्रुवारी

यादव हवालदार आला. वरून कागद आलेला, त्यावर ललितचा फोटो. दाढी वाढलेली, गाल आत. अंगाऱ्याच्या पुडीचं लेबल कॅम्पात सापडलं, त्यावरून गावापर्यंत पोचले. घरोघर विचारत होता.

काकू तांदूळ निवडत होती. फोटो हातात घेतला. नीट बघितला. "आमचा नाय हा." आवाज जरासुद्धा हलला नाही! मला जमलं नसतं.

चौकात यादवने मला गाठलं. फ्लेक्सखाली उभा होता, मान वर. "हा तू ना रे? शेवटून तिसरा?" मीही वर बघितलं. "आणि हा वरचा मोठा, फोटोतला हाच का? गॉगलमुळं ओळखू येईना." मी काहीही सांगू शकलो असतो. फोटोतला दुसराच कोणी हाय म्हटलं असतं तर तो गेला असता.

"भारी दिसतो गॉगलमध्ये," तो म्हणाला.

"गॉगल माझा हाय!"

तोंडातून गेलंच. यादव हसला. "म्हणजे ओळखतोस." मग मी सगळंच सांगितलं. नाव, घर, सगळं.

मला घेऊन तो परत घरी आला. "बाई, पुतण्या म्हणतो तुमचाच हाय." काकूने माझ्याकडे बघितलं. मग मुलगा आपलाच म्हणून त्या कागदावर सही केली.

२८ फेब्रुवारी

फ्लेक्स काढला. आता!

१२ एप्रिल

ललित आला. चौकात कोणी ओळखलंसुद्धा नाही. हातात पारदर्शक पिशवी, त्यात त्याच्या सगळ्या वस्तू. त्यातून गॉगल काढला. "घे तुझा. एक ओरखडा नाय पडू दिला."

अजून घातला नाही.

१३ एप्रिल

दुपारी जेवताना ललित म्हणाला, "लेबलावरून गाव कळलं त्यांना. नाव कोणी सांगितलं?" मी तोंड उघडलं.

"मी सांगितलं," काकू म्हणाली. भाकरी थापतच होती. 'आमचा नाय' म्हणाली होती ना, अगदी त्याच आवाजात.

ललित ताटावरून उठून गेला. तव्यावरची भाकरी त्याची होती. काकूने ती माझ्या ताटात वाढली.