चिमणीला दिलेली चार बाळंतपणं

३ मार्च, मंगळवार

इथल्या नर्सिंग परिषदेचं पत्र आलं. मी अपात्र!

परीक्षेत नापास नाही, परीक्षेला बसायलाच अपात्र. आपल्याकडे अकरा वर्षं वॉर्ड सांभाळला, दोन वर्षं या परक्या देशाची भाषा घोकली, आणि घोडं अडलं कुठे, तर बाळंतपणांवर. इथल्या नियमाप्रमाणे शिकत असताना वीस बाळंतपणं आपल्या हातानं केलेली असावी लागतात. माझ्या नर्सिंग कॉलेजनं कळवली सोळा. तीस एप्रिलपर्यंत उरलेल्या चारांचा पुरावा द्या, नाहीतर फाईल बंद.

मी वीस केली आहेत. वीस! एकेक आठवते.

हे गोदामातून आले तेव्हा पत्र टेबलावरच होतं. उभ्या उभ्या वाचलं. जेवताना म्हणाले, ‘ठकीला कळवू नकोस एवढ्यात.’

ठकी आमची लेक. नऊ वर्षांची, आईकडे ठेवून आलो. वृद्धाश्रमातल्या केअरटेकरला, म्हणजे मला, इथे मूल आणायची परवानगी नाही, नर्सला आहे. एवढंच आहे सगळं.

४ मार्च, बुधवार

ती चार कुठे गेली ते मला माहीत आहे. मीच दिली. चिमणीला.

शेवटच्या वर्षी तिला कावीळ झाली. दीड महिना कॉटवर. उठली तेव्हा लेबर रूमची पाळी संपत आली होती आणि तिच्या वहीत अकराच केसेस. तिकडे पंधरा लागायच्या. माझ्या सोळा झालेल्या. आमच्या होस्टेलची रीतच होती— कुणी आजारी पडली, कुणाच्या घरी काही झालं, की बाकीच्यांनी तिला एक-दोन केसेस द्यायच्या. बाळ झेलायचं आपण, रजिस्टरमध्ये नाव घालायचं तिचं. मीठ-साखर उसनी द्यावी तसं. शेवटच्या आठवड्यातली चारही मी तिच्या नावावर घातली. त्यातली एक मुलगी रडतच नव्हती. तळपायावर टिचक्या मारून मारून माझी बोटं दुखली. मग अशी रडली की सफाईवाल्या मावशी दारातून म्हणाल्या, ही घर डोक्यावर घेणार!

ती मुलगीसुद्धा कागदावर चिमणीची.

चिमणी माझ्याआधी चार वर्षं इथे आली. तेव्हा इथेही पंधराच चालायची. आगगाडीनं दोन तासांवर राहते. फोनवरच्या फोटोत गडद निळा सदरा, नर्सचा. आम्हा केअरटेकरांचा पोपटी. दोन वर्षांत एकदाही भेटली नाही. दर वेळी ड्युटी.

९ मार्च, सोमवार

ट्यूटरबाईंना लिहिलं. आता निवृत्त आहेत, पण कॉलेजात अजून त्यांचा शब्द चालतो. सगळं खरं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण, पण दुसरा मार्ग कुठला?

१५ मार्च, रविवार

बाईंचं उत्तर आलं. स्वतः कॉलेजात जाऊन जुनं रजिस्टर काढून पाहिलं म्हणे. चारही ठिकाणी चिमणीचं नाव, माझ्या अक्षरात. ‘तुमचे हे उद्योग मला तेव्हाच ठाऊक होते. कानाडोळा केला, ती माझी चूक. पण रजिस्टरात मी खाडाखोड करणार नाही. चिमणीनं लिहून दिलं, तर मी त्याखाली सही करीन.’

बाई अजून तशाच. रागही येत नाही त्यांचा.

म्हणजे आता चिमणी.

१९ मार्च, गुरुवार

चिमणीला फोन केला. तीनदा उचलला नाही, चौथ्यांदा उचलला. आधी मी ताकाला जाऊन भांडं लपवत बसले— मुलं कशी आहेत, थंडी कशी आहे. मग एका दमात सांगून टाकलं.

तिच्या मागे कुणीतरी घंटा वाजवत होतं. म्हातारी माणसं वाजवतात तशी, सारखी सारखी.

मग म्हणाली, ‘मला नाही गं असं काही आठवत.’

मी म्हटलं, कावीळ आठवते का? उसाचा रस मी आणून द्यायचे, तो आठवतो का? म्हणाली, कावीळ आठवते. ‘पण केसेस माझ्याच होत्या. ठेवते, बोलावतायत.’

सरळ कानांवर हात ठेवले!

भांडी घासताना खूप रडले. हे शेजारी उभे राहून एकेक पुसत होते. पुसलेलंच परत पुसत होते.

२० मार्च, शुक्रवार

ठकीचा फोन. तिच्या वर्गातल्या मुलीची आई परवा परत आली म्हणे, कायमची. ‘तू हरलीस की येशील ना?’ असं विचारलं. माझ्या आईनं मागून दटावलं तिला.

२६ मार्च, गुरुवार

कामावरचं लिहायलाच नको असं ठरवलं होतं. पण आज लिहिते.

सात नंबरच्या खोलीतले आजोबा. मी त्यांना मास्तर म्हणते, कारण चमचा तोंडाशी नेला की आधी माझा उच्चार सुधारतात, मग घास घेतात. सोमवारी अंघोळ घालताना त्यांची डावी पोटरी गरम लागली, उजवीपेक्षा जाड. दाबली तर कळवळले. मी हातातला टॉवेल टाकून ड्युटीवरच्या नर्सकडे गेले आणि म्हटलं, रक्ताची गाठ असेल, डॉक्टरांना बोलवा. पोरगी चोविशीची. वाईट नाही, कामानं पिचलेली आहे. पण म्हणाली, निदान करणं केअरटेकरचं काम नाही, वहीत ‘पाय सुजला’ एवढं लिहून ठेवा. मी लिहिलं. मंगळवारी परत लिहिलं. काल परत.

आज सकाळी मास्तरांना धाप लागली. गाठ फुप्फुसात गेली होती. गाडी आली, घेऊन गेले. स्ट्रेचरवर माझं बोट धरून होते, ते सोडवावं लागलं.

दुपारी मला ऑफिसात बोलावलं. वाटलं, निदान तू सांगितलं होतंस असं कुणी म्हणेल. तर सांगितलं की त्यांचं कपाट रिकामं करा, सामानाची यादी करा. दोन चष्मे, एक शिट्टी, सहा सदरे.

माझ्या अंगावर निळा सदरा असता तर मास्तर आज सात नंबरमध्ये असते. हे मी रागात लिहीत नाही. हे खरं आहे.

२ एप्रिल, गुरुवार

मास्तर गेले. नोटीसबोर्डावर कळलं.

४ एप्रिल, शनिवार

परिषदेला पत्र लिहिलं. सगळं— तारखा, रजिस्टरचं पान, चिमणीचं पूर्ण नाव. की तुमच्याकडे नर्स म्हणून वावरणाऱ्या या बाईच्या पंधरातली चार बाळंतपणं माझी आहेत, तिला विचारा. ती खोटं बोलते आहे.

यांना वाचून दाखवलं. म्हणाले, ‘रजिस्टरात खोटं नाव तूच घातलंयस. तूही बुडशील. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन कशाला?’

मी म्हटलं, माझं नाक उरलंय कुठे?

मग म्हणाले, निदान दोन दिवस थांब. चिमणीला एकदा समोर जाऊन भेट. मी म्हटलं, तिला ड्युटी असते. त्या निळ्या सदऱ्यात आमच्यासारख्यांना भेटायला वेळ नसतो. हे असं बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. तरी पाकीट चिकटवलं.

७ एप्रिल, मंगळवार

पत्र टाकलं. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, महत्त्वाचं आहे? हो म्हटलं.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

१० एप्रिल, शुक्रवार

कंपनीच्या सगळ्या वृद्धाश्रमांतल्या केअरटेकर बायकांना मुख्य कचेरीत बोलावलंय, पुढच्या शुक्रवारी. माणूस न दुखावता कसा उचलायचा याचं प्रशिक्षण. अकरा वर्षं माणसं उचलली मी! जायलाच हवं, नाहीतर पाळ्या कापतात.

१७ एप्रिल, शुक्रवार

चाळीस बायका, चाळीस पोपटी सदरे. उंचीप्रमाणे जोड्या लावल्या. एकीनं कॉटवर पेशंट व्हायचं, दुसरीनं कुशीवर वळवायचं. मी आधी पडले. डोळे मिटून पडा म्हणाले, पडले. खांद्याखाली हात आला आणि मी न बघता ओळखला. होस्टेलमध्ये कावीळ उतरेपर्यंत मीच धरून उठवायचे ना तिला.

चिमणी. पोपटी सदऱ्यात.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसलो. फोटोतला निळा सदरा कुणाचा तरी, एका दिवसापुरता मागितलेला. शिकतानाचे मानसिक रुग्णांच्या वॉर्डातले तास कमी पडले म्हणून सहा वर्षं तिला परीक्षेला बसू दिलं नाही. सहा वर्षं तीही पुसतेय, भरवतेय. तिकडे सगळ्यांना सांगून बसलेली की नर्स आहे, म्हणून मला कधी भेटली नाही. फोनवर खोटं बोलल्यापासून झोप नाही म्हणाली. गेल्या महिन्यात तास मान्य झाले, फाईल जुनी म्हणून तिला पंधराच लागतात. जूनमध्ये परीक्षा.

‘पास झाले की तुझ्या चारहींचं लिहून देते. मग माझं काय व्हायचं ते होवो. तेवढं थांबशील?’

तीस तारखेला माझी फाईल बंद होणार, पुन्हा नव्यानं अर्ज करावा लागणार, तरी मी हो म्हटलं.

घरी आले तर दारात पोचपावती पडली होती. परिषदेचा शिक्का, तारीख चौदा.