वी-वी, टमी, बू-बू: प्रमाणित कोश

३ मार्च, सकाळी ७.१०
सूनबाई उद्यापासून पुन्हा ऑफिसला. दिवसभर नात माझ्या ताब्यात. अडीच वर्षांची आहे, पण थाट असा की मी तिला बाईसाहेब म्हणतो. बत्तीस वर्षं कोर्टात भाषांतरकार होतो, एवढीशी पोर काय अवघड? चिरंजीव म्हणाले, महिनाभर बघू, नाही जमलं तर प्लेस्कूल आहेच. 'बघू' मला आवडलं नाही. ती गेली तर या घरात मी आणि घड्याळ.

४ मार्च
दिवस उत्तम. एक किरकोळ प्रकार. बाईसाहेब समोर येऊन म्हणाल्या, "वी-वी." आई तिच्याशी इंग्लिशच बोलते. माझं इंग्लिश पक्कं, पण हा शब्द नवीन. मोठी डिक्शनरी वरच्या फळीवर, स्टूल आणावं लागलं. शब्द सापडेपर्यंत अर्थ गालिच्यावर स्पष्ट झाला होता. चूक डिक्शनरीची.
संकल्प: अशा शब्दांचा स्वतःच कोश करणे. अनुक्रमांक, अर्थ, खाली सही.

७ मार्च
कोश जोरात. १. वी-वी: लघुशंका. २. टमी: पोट. ३. बू-बू: फुंकर मारली की बरी होणारी जखम. ४. बेडी-बाय: झोप. नोकरीत 'गंभीर दुखापत' शेकड्याने लिहिली, बू-बू एकदाही नाही. कायदा अपुरा आहे.
सूनबाई हसली. म्हणाली, बाबा, वही कशाला, तिच्याकडे बघा, चेहऱ्यावरूनच कळतं. मी म्हटलं, चेहरा पुरावा होत नाही.

१२ मार्च
दूध उतू गेलं, पातेलं जळलं. मी नं. १९ लिहीत होतो. आजकालची पातेली पातळ.

१५ मार्च, संध्याकाळ
चिरंजीवांनी वही चाळली. विचारलं, "बाबा, टमी तीनदा का लिहिलंय?" नं. २, नं. १४, नं. २३. मी म्हटलं, सुधारित आवृत्त्या. मग तो धड जेवला नाही. त्याला कोशातलं काय कळतंय!
तो गेल्यावर पुन्हा पाहिलं. तिन्ही ठिकाणी अक्षर माझंच, सही माझीच. लिहिल्याचं मात्र एकदाचंच आठवतंय. पेनांमुळे असेल, तीन पेनं वापरतो.

१९ मार्च
बागेत नेलं. झोपाळ्यावर बसून बाईसाहेब म्हणाल्या, "चू-चू." आगगाडी. लगेच बाकावर बसून नोंद केली, नं. २७. मान वर केली तर झोपाळा रिकामा.
हाका मारल्या. बागेला दोन फाटकं, त्यातलं आपल्या घराकडचं कुठलं तेच आठवेना. रोज त्याच फाटकातून येतो-जातो, तरी. गडबडीत होतं असं कोणाचंही.
वॉचमनने तिला उचलून आणलं, रस्त्याकडेच्या गाड्यांमध्ये सापडली म्हणाला. गुडघा खरचटलेला. तो दाखवून म्हणाली, "बू-बू." खात्री करावी म्हणून मी पान शोधायला लागलो. तिने जरा वेळ वाट पाहिली. मग स्वतःच वाकून गुडघ्यावर फुंकर मारली.
घरी काही सांगायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी गुडघ्याने सांगितलं.

२० मार्च
स्वयंपाकघरात नवराबायकोची हळू आवाजात चर्चा. सूनबाईचे डोळे लाल. निर्णय: सोमवारपासून प्लेस्कूल, आणि घरी दिवसभर एक ताई. महिना पुरा झाला नव्हता, हे मी नमूद केलं. तरी ताईंची कल्पना चांगली. कामाचा व्याप वाढलाय, मदतनीस हवाच होता. शब्द मी शिकवीन.

२३ मार्च
ताई आल्या. पन्नाशीच्या, आधी हॉस्पिटलात होत्या. बाईसाहेब शाळेत गेल्या, म्हणून लगेच ताईंची शिकवणी घेतली. टमी सांगा, बू-बू सांगा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग वहीच्या मागच्या पानावर माझ्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्या. कोशात गोळ्या कशाला? पान फाडणार होतो. पण अक्षर सुवाच्य आहे.

२४ मार्च, सकाळी १०
बाईसाहेब शाळेत, ताई घरात. मी विचारलं, मुलगी तिकडे आणि तुम्ही इकडे काय करताय? त्या माझ्या शर्टाची बटणं लावत होत्या. एक घर चुकलं होतं म्हणे. म्हणाल्या, "आजोबा, मी तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी येते."
नेमणुकीत काहीतरी घोटाळा आहे. चिरंजीवांना लेखी कळवणार.

२५ मार्च
लेखी कळवलं. चिरंजीवांनी वाचून घडी केली, खिशात ठेवली. माझा हात धरून बराच वेळ बसले. लहानपणी मी त्यांचा धरायचो तसा. घोटाळा आहे की नाही ते सांगितलंच नाही.

२६ मार्च, दुपार
जेवण झालं. खुर्चीत बसलो होतो, जरा चुळबूळ होत होती. काय हवंय ते आठवेना. ताईंनी कामातून मान वर केली. वही टेबलावर होती, त्यांनी उघडली नाही. नुसतं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आजोबा, वी-वी?"
उच्चार बरोबर होता. हो म्हणालो.