आधी शून्य

तळवडे, १४ नोव्हेंबर

आदरणीय ज्योतीरामदादा,
सप्रेम जय भीम.

दापोडीला घरी सगळे मजेत. माझी साक्षी पहिलीत गेली आणि घरातल्या प्रत्येक स्विचवर आता तिची मालकी आहे. चाकणची नवी कंपनी तुम्हाला मानवली, असं आपल्या लॅबमधल्या गणराजकडून कळलं. दोन वर्षं तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही, तेवढी लबाडी माफ करा.

आधी कामाचं. तुमचा ॲम्प्लिफायर बोर्ड पास आहे. दणक्यात पास.

दोन वर्षांपूर्वी, पॉवर सप्लायमधला गोंधळ आउटपुटला दिसायला नको, अशी गिऱ्हाईकाची अट होती. म्हणून मी सप्लायवर मुद्दाम बारीक रिपल, म्हणजे व्होल्टेजची लहर, सोडली आणि आउटपुटला किती झिरपते ते मोजलं. निदान सत्तर डेसिबलने दबायला हवी होती, दबली त्रेचाळीसने. माझ्या सहीच्या रिपोर्टवर तुमचं डिझाइन बाद झालं आणि महिन्याभरात तुम्ही राजीनामा दिलात.

गेल्या आठवड्यात, तुमच्या बोर्डाच्या जागी विकत घेतलेला बोर्ड मोजला. डिझाइन वेगळं, ऑप-ॲम्पची चिप वेगळी, आकडा तोच, त्रेचाळीस. दोन घरांची आमटी कधी एका चवीची होते का, दादा?

मग मोजायच्या प्रोबचं टोक बोर्डाच्याच ग्राउंडवर, म्हणजे शून्य व्होल्टवर, टेकवलं. तिथे पडद्यावर सरळ रेघ यायला हवी. रिपल आउटपुटइतकीच होती! ग्राउंडचा चिमटा मी बोर्डावर न लावता पार पॉवर सप्लायच्या काळ्या टर्मिनलला लावत होते. मधल्या हातभर वायरवरची रिपल मी तुमच्या नावावर मांडली. चिमटा जागेवर लावून कपाटातला तुमचा बोर्ड काढला. चौऱ्याऐंशी.

सोपानराव साहेब म्हणाले, जुनं उकरू नकोस. मी ऐकलं नाही. दुरुस्त रिपोर्ट माझ्या सहीने सोमवारी गिऱ्हाईकाला गेला. साहेब दोन दिवस फुगले, मग माझ्याच टेबलाशी येऊन चहा प्यायले.

इथवर लिहिणं सोपं होतं. चिमटा कुणाचाही चुकतो.

डिझाइन बाद झालं त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही एवढंच विचारलंत, "मिनल, आधी शून्य मोजलंस?" टोक ग्राउंडला टेकवून बघायची सवय तुम्हीच लावलेली, माझ्या हातात पहिल्यांदा प्रोब दिलात तेव्हा. मी मोजलं नव्हतं. घाई होती, माझ्या बढतीचं चाललं होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो."

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तुम्ही स्वतःच्या डिझाइनवरचा विश्वास सोडलात. त्याची मला फार लाज वाटते, दादा.

दुरुस्त रिपोर्टात वायरीची चूक लिहिली आहे, हा खोटा 'हो' लिहिलेला नाही. म्हणून आज सकाळी त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर मी तो परत घेतला.

सोबत रिपोर्टची प्रत आणि तुमचा बोर्ड पाठवते आहे. या वेळी माझ्या शब्दावर जाऊ नका. तुम्ही स्वतः मोजा.

शून्य मोजून मगच सही केलेली,
मिनल