खिडकीकडे पाठ

तीर्थरूप ताईस,
गुडघे परवानगी देतील तितका साष्टांग नमस्कार.

"करमत नसेल तर परत ये," असं तू म्हणालीस आणि मी बॅग भरलीसुद्धा. आज ती रिकामी केली. प्रकृती उत्तम आहे. थोडा खोकला आहे, पण तेवढीच सोबत.

या बाइंडिंगच्या कारखान्यात मी इतके महिने खिडकीकडे तोंड करून एकटाच जेवत होतो. आपण इथे कुणाला नको आहोत, असा माझा सिद्धांत. सोमवारी शिलाईवाल्या बाईंनी विचारलं, "काका, आमचा वास येतो का हो?" म्हणजे त्यांचाही सिद्धांत तयार होता! मी डबा उचलून त्यांच्या टेबलाशी बसलो. तेव्हापासून माझी भाजी माझ्या वाट्याला येत नाही, आणि दुपार कधी सरते ते कळत नाही.

काल मालकांनी विचारलं, "अजून वर्षभर राहाल?" प्रश्न पुरता ऐकण्याआधी नकार देणं ही माझी जुनी विद्या. या खेपेला तो गिळला आणि "राहतो" म्हणालो.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी? भावोजी औषधं वेळेवर घालतात ना? बरी झालीस की दोघं इकडे या. खोली लहान आहे, पण तुम्हाला भेटवायला आता माझ्याकडे माणसं आहेत.

तुझा,
केस पिकले तरी धाकटाच